कोकणातल्या कथेत कारभारी घ्यावा की गडी?

कोकणातल्या वाड्याची गोष्ट लिहायला घेतली की धनी मुंबईला आणि मागे घर राखायला कुणीतरी, एवढं आपसूक येतं. हा कुणीतरी कारभारी की गडी, ते आधीच ठरवा. बरेच जण दोघांचा एकच म्हातारा करतात, पंचा नेसलेला, इमानी, शेवटी रडणारा. मग त्याच्याकडून काही घडवून आणता येत नाही.

खोतीतला प्रसंग घ्या. खोत म्हणजे गावाचा सारा वसूल करणारा वतनदार. भात शेतात उभं आहे आणि अभावणी चालली आहे, म्हणजे उभ्या पिकाचा अंदाज बांधून खोताचा हिस्सा ठरवायचा आहे. खोत आलेला नाही, त्याच्या जागी कारभारी बांधावर उभा आहे. पीक दहा मणाचं दिसतंय, तो आठ सांगतो. कुळाच्या घरात पावसाळाभर पेज शिजणार ती त्या दोन मणांवर. त्याने हे दयेपोटी केलं, की कुळाने आदल्या रात्री परसातून पोचवलेल्या कोंबड्यासाठी, की धन्यावरचा जुना राग काढला? कादंबरी त्यातच आहे. गडी मागे छत्री धरून उभा असतो. आठ मण खोटे, हे त्यालाही दिसतं, पण त्याला विचारतो कोण? कारभाऱ्याकडे निर्णय असतो, गड्याकडे साक्ष. कथा निर्णयावर फिरणार असेल तर कारभारी घ्या, घराचं गुपित फुटण्यावर फिरणार असेल तर गडी.

चोरीही दोघांची वेगळी. गडी नारळ उचलतो, पकडला जातो, मार खातो. कारभाऱ्याला उचलावं काहीच लागत नाही. तो "यंदा आम्ही बाग कराराने देत नाही" असं म्हणतो आणि त्या 'आम्ही'त धनी कधी गळून पडतो ते धन्यालाही कळत नाही. इतिहासात याचा सर्वात मोठा नमुना कोकणानेच दिला. श्रीवर्धनच्या भट घराण्यातले बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये शाहू छत्रपतींचे पेशवे झाले. १७४९ मध्ये शाहू गेल्यावर सत्ता पुण्यात एकवटली, पेशवाईची वस्त्रं मात्र साताऱ्याहूनच येत राहिली. कारभाऱ्याचं पात्र रंगवताना असं काही हाताशी ठेवावं: अधिकार सगळा, नाव दुसऱ्याचं.

काळ विसाव्या शतकाच्या मध्याचा असेल तर कुळकायदा टाळता येणार नाही. १९४८ चा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. त्या दिवसापासून कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. मालकाच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या देखरेखीखाली पैशात वा धान्यात मजुरी घेऊन राबणारा गडी त्यात बसत नव्हता. पिकात वाटा घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. आता पाहा, गड्याला दरसाल दिलेलं भात वहीत 'मजुरी' म्हणून पडलं की 'वाटा' म्हणून? ती वही लिहितो कारभारी. दोन्ही पात्रं एकत्र घ्यायला मला तरी यापेक्षा चांगलं कारण दिसत नाही.

जात लपवू नका. कारभारी ओटीवर बसून चहा मागवतो, गडी खळ्यात उकिडवा बसतो, हे का ते वाचकाला ठाऊक असतं.

आजच्या काळातली कथा असेल तर पुष्कळ घरांत घरगडी उरलेलाच नाही, कलमांच्या बागा नेपाळी राखणदार सांभाळतात. कारभारी मात्र आहे. बंद घराची किल्ली, घरपट्टी, गणपतीआधीची साफसफाई, फुटलेल्या कौलाचा व्हॉट्सॲपवर फोटो, सगळं त्याच्याकडे. आंब्याच्या पेट्या किती उतरल्या तेही तो सांगेल तेवढंच.

दोघे घेतलेत तर निवेदन गड्याकडे द्या. कारभारी सांगू लागला की हिशेब आधीच जुळवलेला असतो. फक्त एक प्रश्न तुम्हाला सोडवावा लागेल: इतकं पाहिलेला गडी १९५७ नंतर तलाठ्याकडे गेला का नाही?