हलक्या काडतुसांवर अडखळणारी बारा बोअर: वर्षभराच्या वापरानंतर

गेले वर्षभर ज्या सेमी-ऑटोमॅटिक (दर बारानंतर पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या) शॉटगनने मी ट्रॅप आणि स्कीट या उडत्या तबकड्यांवरच्या नेमबाजीचा सराव करीत आहे, तिच्याविषयी आधी निकाल सांगून टाकतो. बंदूक चांगली आहे, परंतु २४ ग्रॅमच्या, म्हणजे आत तेवढ्या वजनाचे छर्रे असलेल्या, हलक्या काडतुसांवर ती पहिल्या दिवसापासून भरवशाची नव्हती, आणि ती तशी व्हायला जवळजवळ चार महिने गेले. कंपनीचे नाव मी मुद्दामच देत नाही. एक तर मला आढळलेले बहुतेक दोष याच रचनेच्या इतर बंदुकांतही सापडतात, आणि दुसरे म्हणजे नाव वाचले की लोक आपापल्या आवडत्या बनावटीची बाजू घेऊन भांडू लागतात व मूळ प्रश्न बाजूलाच राहतो.

बंदूक बारा बोअरची, गॅसवर चालणारी, ७१ सेंटिमीटर नळीची आणि ७६ मिलिमीटर चेंबरची (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते ती जागा) आहे. तोल नळीकडे किंचित झुकलेला असल्याने आडव्या जाणाऱ्या तबकडीमागे ती संथपणे फिरते, दस्ता गालाला नीट लागतो, आणि २८ ग्रॅमच्या काडतुसाचा धक्का खांद्याला जेमतेम जाणवतो. चाप थोडा जड आहे, पण सवयीने ते विसरायला होते. या बाबतीत तक्रार नाही.

तक्रार सुरू झाली ती २४ ग्रॅमचा पहिला डबा उघडल्यावर. तिसऱ्या बारानंतर बोल्ट, म्हणजे मागेपुढे सरकून रिकामे काडतूस फेकणारा आणि नवे भरणारा भाग, अर्ध्या वाटेवरून परत फिरला आणि बाहेर पडू पाहणारे रिकामे काडतूस त्याने तोंडातच पकडले. ओठांच्या कोपऱ्यात विडी धरावी तसे ते लाल टरफल रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या घराच्या) खिडकीतून तिरके बाहेर डोकावत होते. ते काढले, पुढचे काडतूस भरले, दोन बार ठीक झाले आणि पुन्हा तेच. पंचवीस तबकड्यांच्या एका फेरीत असे सहा वेळा झाले. दोन तबकड्या लागोपाठ सुटतात तेव्हा दुसरा बार मिळालाच नाही, तर हातातली बंदूक सेमी-ऑटोमॅटिक आहे असे म्हणण्यात अर्थ उरत नाही.

हलके काडतूस वापरू नये, हा सल्ला सोपा आहे आणि मला तो अनेकदा मिळाला. पण ऑलिंपिक ट्रॅप आणि स्कीटच्या नियमांत काडतुसातील छर्र्यांचे वजन २४.५ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे त्या पद्धतीने सराव करणाऱ्याला पर्यायच नसतो. शिवाय दिवसाला शंभर-दीडशे बार करायचे असतील, तर कमी धक्क्याचे काडतूस ही चैन नसून गरज असते.

अडचणीचे मूळ समजून घ्यायला थोडा हिशेब करावा लागतो. २४ ग्रॅम छर्रे सेकंदाला ४०० मीटर वेगाने निघाले, तर वजन (किलोत) गुणिले वेग हा धक्क्याचा ढोबळ आकडा ९.६ येतो, २८ ग्रॅम ३६५ मीटर वेगाने निघाले तर १०.२, आणि ३२ ग्रॅम त्याच वेगाने निघाले तर ११.७. मात्र २८ ग्रॅमचे एखादे मंद काडतूस ३४० मीटर वेगाचे असेल, तर आकडा ९.५ वर घसरतो, म्हणजे वेगवान २४ ग्रॅमच्याही खाली. त्यामुळे डब्यावरचे ग्रॅम वाचून काडतूस हलके की भारी हे ठरवणे अपुरे आहे. शेजारी छापलेला वेगही वाचायला हवा. माझ्या बंदुकीने वेगवान २४ ग्रॅम बऱ्यापैकी पचवले आणि त्याच वजनाचे मंद सराव-काडतूस मात्र वारंवार नाकारले, तेव्हा मला हे प्रथम उमगले.

गॅसवर चालणाऱ्या बंदुकीत हा धक्का थेट कामाला येत नाही. नळीला खालच्या बाजूने छोटी छिद्रे असतात. छर्रे ती ओलांडून पुढे गेले, की तोंडातून बाहेर पडेपर्यंतच्या अतिशय अल्प काळात थोडा गॅस त्या छिद्रांतून खाली उतरतो, पिस्टनला मागे ढकलतो, आणि पिस्टन बोल्टला. सगळे काम तेवढ्यात मिळालेल्या ताकदीवर व्हायचे असते: बोल्ट उघडणे, रिकामे काडतूस ओढून फेकणे, स्प्रिंग दाबणे आणि मागे पुरेसे अंतर जाऊन पुढचे काडतूस उचलण्याइतकी जागा करणे. ७६ मिलिमीटर चेंबरची बंदूक भारी काडतुसांचाही विचार करून बनवलेली असते, म्हणून तिची छिद्रे अनेकदा बेताची ठेवतात. भारी काडतुसाकडे ताकद उतू जाईल इतकी असते आणि वाटेत कुठे थोडी वाया गेली तरी कुणाला कळत नाही. हलक्या काडतुसाकडे शिल्लक जवळजवळ नसतेच, म्हणून वाटेतली प्रत्येक गळती उघडी पडते. त्यामुळे बंदुकीत काही बदलण्याआधी ताकद नेमकी कुठे खर्च होते आहे हे शोधावे, असे माझे मत झाले आहे. बहुतेक जण, आणि सुरुवातीला मीही, नेमके उलटे करतात.

शोधण्याची माझी पद्धत साधी होती. मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसे साठवणाऱ्या नळीत, एकच काडतूस घालून ते चेंबरमध्ये घ्यायचे, बार करायचा आणि बोल्ट मागे अडकून उघडा राहतो का ते पाहायचे. शेवटच्या बारानंतर बोल्ट मागे राहिला, तर तो पूर्ण अंतर गेला असे समजावे. दहा-दहा काडतुसांनी हे केले. २८ ग्रॅमवर दहाही वेळा बोल्ट मागे राहिला, मंद २४ ग्रॅमवर फक्त चार वेळा. दुसरी खूण जमिनीवर असते: २८ ग्रॅमची टरफले उजवीकडे तीन-चार पावलांवर पडत होती, २४ ग्रॅमची बुटाजवळ.

पहिला संशय अर्थातच काजळीवर होता. नळीची छिद्रे पितळी तारेने मोकळी केली, पिस्टन आणि मॅगझिनची नळी पुसून कोरडी केली. इथे एक चूक कबूल करायला हवी. तेल जितके जास्त तितके काम सुरळीत, या समजुतीने मी मॅगझिनच्या नळीवर सढळ हाताने तेल लावत असे. गरम गॅसने ते तेल भाजून निघते, त्यात काजळी मिसळते आणि तव्याच्या बुडावर बसतो तसा एक काळा, चिवट थर तयार होतो. आता बोटाला जेमतेम ओशट लागेल इतकेच तेल लावतो, आणि बंदूक जोडण्यापूर्वी नळी तिरपी धरून पिस्टन स्वतःच्या वजनाने घसरतो की नाही ते पाहतो. या सफाईने चाराचे सहा झाले. सुधारणा झाली, पण पुरेशी नव्हे.

गॅस अडवणाऱ्या कड्याचाही विचार इथेच करावा. १९६३ मध्ये आलेल्या रेमिंग्टन ११००सारख्या बंदुकांत एक रबरी कडे असते. त्याला तडा गेला की गॅस बाजूने निसटतो आणि हलकी काडतुसे आधी बंड करतात. माझ्या बंदुकीत रबराऐवजी धातूचे कडे आहे आणि ते शाबूत होते, त्यामुळे तो मुद्दा निकालात निघाला.

खरा अपराधी दस्त्यात लपलेला होता. बोल्टला परत पुढे आणणारी स्प्रिंग काही बंदुकांत मॅगझिनच्या नळीभोवती असते, तर काहींत दस्त्याच्या आतल्या एका नळीत. माझ्या बंदुकीत ती दस्त्यात आहे, आणि सोबतच्या माहितीपुस्तिकेत तिच्या सफाईविषयी एक ओळही नाही. ओळखीच्या बंदूक दुरुस्ती कारागिराकडे दस्ता उतरवून घेतला आणि ती स्प्रिंग बाहेर काढली, तेव्हा तिच्या वेटोळ्यांत पिवळसर वंगण थिजलेल्या तुपासारखे बसलेले होते. गंज चढू नये म्हणून कारखान्यात लावलेले ते वंगण कुणीही पुसलेले नव्हते. दर बाराला बोल्टला ही स्प्रिंग त्या चिखलातून दाबत न्यावी लागत होती. ती द्रावणात धुऊन, आतली नळी कोरडी करून, हलक्या तेलाचा हात फिरवून परत बसवली आणि त्याच मंद २४ ग्रॅमवर दहापैकी नऊ वेळा बोल्ट मागे राहिला. चार महिन्यांचे दुखणे अर्ध्या तासात गेले. (ही स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते आणि सुटली तर डोळ्याकडे झेपावते, अनुभव नसेल त्याने हे काम कारागिराकडूनच करून घ्यावे.)

कंपनीच्या सेवा विभागाला मी आधीच लिहिले होते. उत्तर आले ते एवढेच, की भारी काडतुसांनी बंदूक थोडी ‘रुळू’ द्यावी. या सल्ल्यात तथ्य अजिबात नाही असे नाही. नव्या बंदुकीचे घासणारे भाग शे-दीडशे ३२ ग्रॅमच्या बारांनी गुळगुळीत होतात. पण मी ते सुरुवातीलाच केले होते आणि त्याने फरक पडला तो मुख्यतः माझ्या खांद्याला. दस्त्यातल्या वंगणाचा उल्लेख त्या उत्तरात असता, तर हे परीक्षण निम्म्या लांबीचे झाले असते.

दहावे काडतूस मात्र वेगळ्याच कारणाने अडकत होते, आणि ते ओळखायला मला उशीर झाला. त्यात बोल्ट अर्ध्यावरून परतत नसे. रिकामे काडतूस चेंबरमध्येच रुतून बसे आणि त्याच्या कडेवर काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्याचा चकचकीत ओरखडा दिसे. हे फक्त एका स्वस्त काडतुसाबाबत होत होते, ज्याचे बूड पितळेसारखे दिसत असले तरी चुंबकाला चिकटत होते. पोलादी बूड बाराच्या दाबाने फुगते आणि पितळेइतके मागे आकसत नाही; चेंबर किंचित खरखरीत असेल तर ते भिंतीला धरून बसते. कारागिराने माप न बदलता चेंबर केवळ चकचकीत करून दिला, तेव्हापासून तेही थांबले. गॅस कमी पडणे आणि काडतूस चिकटणे ही दोन्ही दुखणी वरवर सारखी दिसतात, परंतु पहिल्याचे औषध दुसऱ्याला चालत नाही.

मधल्या काळात मी बाहेरची एक मऊ स्प्रिंगही लावून पाहिली होती. तिने २४ ग्रॅम लगेच चालू लागले, परंतु बोल्ट पुढे येताना आळसावलेला वाटे, बंदूक थोडी मळली की तो पूर्ण बंद होत नसे, आणि ३२ ग्रॅमवर मागे जाऊन असा आदळे की आवाजच वेगळा येई. मूळ स्प्रिंग स्वच्छ झाल्यावर ती मऊ स्प्रिंग मी डब्यात टाकली. छिद्रे रुंद करण्याचा मोह मात्र टाळला. कारागीर म्हणाला, “पाडलेले भोक बुजवून मिळत नाही,” आणि पुढे कधी भारी काडतूस वापरायचे झाले, तर तो जादा मार बोल्ट आणि रिसीव्हरला सोसावा लागेल हे त्याने दाखवून दिले. अमेरिकन बंदूक-रचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बाजारात आणलेल्या ऑटो-५ बंदुकीत हाच प्रश्न घर्षणाच्या कड्यांनी सोडवलेला होता: हलक्या काडतुसांना कडी एका क्रमाने लावायची, भारी काडतुसांना दुसऱ्या. नेमबाजाला ती जागा हाताने बदलावी लागे, हा तिचा त्रास. पण काहीही कायमचे कापावे लागत नसे, हे तिचे शहाणपण.

गॅसऐवजी इनर्शियावर (जडत्वावर) चालणाऱ्या बंदुकीचा पर्याय अनेक जण सुचवतात. तिच्यात गॅसची काजळी यंत्रणेत येत नाही, हा फायदा खरा आहे. परंतु ती बंदुकीच्या मागे सरकण्यावर चालते, म्हणून तिच्यावर वजनदार जोडण्या चढवल्या की हलक्या काडतुसांवर तीही अडखळू शकते. केवळ या कारणाने मी बंदूक बदलणार नाही.

हलकी काडतुसे वापरणाऱ्याने एक गोष्ट कधीही हसण्यावारी नेऊ नये. बार होताना आवाज नेहमीसारखा न येता नुसता ‘फुस्’ झाला, तर पुढचे काडतूस भरण्याआधी बंदूक रिकामी करून नळीतून आरपार पाहावे. काडतुसातला प्लास्टिकचा वॅड (दारू आणि छर्रे यांच्यामधला बोळा) नळीत अडकलेला असेल तर पुढचा बार नळी फाडू शकतो. आणि चाप ओढूनही बार झालाच नाही, तर नळी लक्ष्याच्या दिशेने ठेवून किमान अर्धा मिनिट थांबावे, मगच बोल्ट उघडावा. अडकलेल्या काडतुसाचा राग आला की माणूस घाई करतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

आज परिस्थिती अशी आहे की वेगवान २४ ग्रॅमवर बंदूक मला अडकल्याचे आठवत नाही, आणि मंद काडतुसांवर सफाई न करता साधारण चारशे बारांनंतर ती कुरकुर करू लागते. थंडीच्या सकाळी ही मर्यादा आणखी अलीकडे येते. फक्त २८ ग्रॅम वापरणाऱ्याने ही बंदूक डोळे झाकून घ्यावी. २४ ग्रॅमच वापरणाऱ्याने मात्र घेतल्याच दिवशी दस्ता उतरवून आत पाहावे. मी आता बार मोजत बसत नाही. टरफले तीन पावलांवरून हळूहळू बुटाजवळ सरकू लागली, की त्या दिवसाचा सराव संपवतो आणि सफाईची पेटी उघडतो.