‘ब्रेन रिकव्हरी पॅकेज’चे पैसे भरण्याआधी हे वाचा

अपघातात माझ्या धाकट्या भावाच्या डोक्याला जबर मार लागला. ऑपरेशन झालं, तो आयसीयूतून वॉर्डात आला. डिस्चार्जची भाषा सुरू झाली तेव्हा त्याला धड उभं राहता येत नव्हतं, बोलताना शब्द सापडत नव्हते आणि सकाळी कोण भेटून गेलं ते दुपारी आठवत नव्हतं. घरचे सगळे हवालदिल. नेमक्या अशाच वेळी पुनर्वसन केंद्राचा फोन येतो. आमचा नंबर त्यांना कुणी दिला ते अजून कळलेलं नाही, संशय मात्र आहे.

“ताई, पहिले सहा महिने फार मोलाचे. आज निर्णय घेतला नाहीत तर पुढे काही होणार नाही.” यातलं पहिलं वाक्य बऱ्यापैकी खरं असतं, म्हणून दुसरंही गळी उतरतं. मेंदूच्या दुखापतीनंतर सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते. ती पुष्कळशी आपसूकही होते. पण सहा महिन्यांनी काही दार बंद होत नाही, पुढे वर्षानुवर्षं थोडाथोडा फरक पडू शकतो. या केंद्राने आधी त्या मुदतीची भीती घातली आणि मग आपसूक झालेली सुधारणा आपल्या नावावर खपवली.

पैसे एकरकमी, आगाऊ. पॅकेजच्या कागदावर फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारी), स्पीच थेरपी आणि न्यूरोसायकॉलॉजिस्ट (स्मरण, लक्ष, वागणं तपासणारे मानसतज्ज्ञ) असं सगळं होतं. प्रत्यक्षात सगळ्या मजल्याला मिळून एकच फिजिओथेरपिस्ट. बिचारी धावत असायची. स्पीच थेरपी म्हणजे अटेंडंटने मोबाइलवर चित्र दाखवून “हे काय?” विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता पुढचं चित्र काढायचं. न्यूरोसायकॉलॉजिस्ट शेवटपर्यंत दिसले नाहीत, बिलात मात्र दर आठवड्याला हजर.

त्याऐवजी आम्हाला मिळायचा ब्रेन मॅपिंगचा रंगीत कागद. लालचं हिरवं झालेलं आणि खाली ‘सुधारणा ६८ टक्के’. कशाचे टक्के, असं विचारलं तर उत्तर, “मेंदूचे.” आता माहीत झालंय की पुनर्वसनात माणूस काय काय करू शकतो ते मोजतात. एफआयएम नावाची एक जुनी मोजपट्टी आहे. जेवण, अंघोळ, कपडे, जिना, स्मरण अशा १८ बाबींना प्रत्येकी १ ते ७ गुण, म्हणजे एकूण १८ ते १२६. भाऊ शर्टाची बटणं स्वतः लावतो का, एवढं तरी त्यावरून कळलं असतं. हिरव्या डागांवरून काय कळणार?

तो दुपारभर झोपलेला असायचा. “मेंदू विश्रांती घेतोय,” असं सांगत. औषधांचा चार्ट हट्टाने मागितला तेव्हा त्यात गुंगीची गोळी निघाली. रुग्ण शांत पडून राहिला की माणसं कमी लागतात, एवढंच त्यामागचं शास्त्र असावं. अशा दुखापतीत ही औषधं फार जपून द्यायची असतात, असं आमच्या न्यूरोसर्जनांनी नंतर सांगितलं.

उलगडा झाला तो हजेरीच्या तक्त्यामुळे. भावाला फिट आली म्हणून आम्ही त्याला सीटी स्कॅनसाठी दुसरीकडे नेलं होतं, दिवसभर तिथेच होतो. तक्त्यावर त्या दिवशीही चारही थेरपींपुढे सह्या, एकाच पेनाने, एकाच वळणाच्या. वर शेरा: ‘रुग्णाने उत्तम सहकार्य केले.’ मी फोटो काढला. त्यानंतर स्टेम सेलचं वेगळं पॅकेज गळ्यात मारायचा प्रयत्न झाला. मेंदूच्या अशा दुखापतीवर हा काही सिद्ध झालेला उपचार नाही.

भावाला आम्ही तिथून हलवलं. उरलेले पैसे मागितले तर ‘नॉन-रिफंडेबल’कडे बोट. फाइलही देईनात. शेवटी लेखी अर्ज करून पोच घेतली, तेव्हा फाइलची प्रत मिळाली. त्या दिवसाचं पान तिच्यात नव्हतं. तक्रारीला मी तोच फोटो जोडला आहे.