मुंबईत एक दिवस पायी: फोर्ट की गिरगाव?

पुण्याहून भाची येतेय. एकच रविवार हातात, आणि तिला मुंबई चालत बघायचीय. फोर्ट की गिरगाव, यावर घरात दोन तट पडलेत.

चालण्याचे श्रम म्हणाल तर फोर्ट सोपं. सीएसएमटी स्टेशनाहून निघालं की दादाभाई नौरोजी रस्त्यावर इमारतींच्या कमानींखालून सावलीत फ्लोरा फाउंटनपर्यंत जाता येतं. पुढे ओव्हल मैदान: एका बाजूला 1878 चा राजाबाई टॉवर, समोर आर्ट डेको, म्हणजे भौमितिक रेषा आणि गोलाईच्या शैलीतल्या इमारती. ओव्हलभोवतीचा हा परिसर 2018 पासून जागतिक वारसा यादीत आहे. गिरगावातून बाणगंगा तलावाला जायचं तर मलबार हिलचा चढ आहे, दुपारी तो दमवतो.

खर्च दोन्हीकडे किरकोळ. पण रविवारी फोर्टातल्या बऱ्याच खानावळी बंद असतात. गिरगावात खाण्याची आबाळ होत नाही.

माणसं मात्र गिरगावातच भेटतात. खोताच्या वाडीत लाकडी जिने, व्हरांड्यात वाळणारे कपडे. तिथे लोक राहतात, म्हणून हळू बोलावं, विचारूनच फोटो काढावा.

इमारतींची आवड असेल, सोबत वयस्कर कुणी असेल, तर फोर्ट. भाचीला मी गिरगावच दाखवणार, सकाळी सातलाच निघून.