गावच्या संग्रहालयासाठी पैसा कुणाकडून: कंपनी, सरकार की गावकरी?

शेजारच्या तालुक्यातल्या काही मंडळींनी जुन्या शाळेच्या दोन खोल्यांत गावाच्या इतिहासाचं संग्रहालय काढायचं ठरवलंय. जागा मिळाली, वस्तू यायला लागल्या, आता गाडी पैशापाशी अडली आहे. समितीत दोन तट आहेत. एक म्हणतो कंपनी गाठू, दुसरा म्हणतो सरकारी अनुदान आणू. अशाच एका छोट्या संग्रहालयाच्या विश्वस्त मंडळावर मी नऊ वर्षं काढली, म्हणून माझ्याकडे आले. मी जे सांगितलं ते त्यांना फारसं रुचलं नाही, तरी त्यांनाच उद्देशून सविस्तर लिहितो.

उद्घाटनाला पैसे देणारे मिळतात. मंडप, पाहुणे, फोटो सगळं होतं. पण सातव्या महिन्याचं वीजबिल, रोज कुलूप उघडणाऱ्या माणसाचा पगार आणि पावसाळ्यात कागदांना लागणारी कसर, यांचा खर्च कोण उचलणार? माझ्या मते देणगीदार एवढ्यावरच पारखायचा.

आधी कंपन्या. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर, म्हणजे सीएसआरवर, खर्चावी लागते. अशा कामांची यादी असलेल्या अनुसूची ७ मध्ये वारसा, कला आणि संस्कृती येतं, आणि कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही कायदा म्हणतो. तुमच्या रस्त्यावर कारखाना आहे, म्हणजे जमलंच, असं वाटतं. पण तो पैसा ट्रस्टमार्फत खर्चायचा तर ट्रस्टला प्राप्तिकराची १२ए (ट्रस्टच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी लागते, सीएसआर-१ अर्ज भरलेला लागतो आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. तुमचा ट्रस्ट अजून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात फाइलच्या रूपात आहे. एखाद्या जुन्या, अनुभवी संस्थेला पुढे केलंत तरच हा रस्ता आज खुला आहे. त्यातही कंपनीला आवडतं ते सुरुवात आणि शेवट असलेलं काम: छप्पर, काचेची कपाटं, कागदांचं स्कॅनिंग. पहारेकऱ्याचा पगार त्यांच्या अहवालात शोभत नाही.

मोठ्या देणगीचं चांगलं उदाहरण मुंबईत आहे. राणीच्या बागेतल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयासाठी २००३ मध्ये महापालिका, वारसा जतन करणारी इन्टॅक ही संस्था आणि पैसे देणारं जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी त्रिपक्षीय करार केला आणि २००८ च्या जानेवारीत ते नव्या रूपात उघडलं. लोकांच्या लक्षात राहतो तो पैसा. माझ्या लक्षात राहतं ते हे, की तिथे इमारतीची मालक, जाणकार संस्था आणि पैसे देणारा असे तिघे एका करारावर होते. तुमच्याकडे यातला जाणकार अजून कुणीच नाही.

सरकारचं थोडक्यात सांगतो. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची संग्रहालयांसाठी अनुदान योजना आहे, पण त्यात संस्थेला स्वतःचाही वाटा घालावा लागतो, पैसे हप्त्यांनी येतात आणि आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्चल्याचा दाखला) दिल्याशिवाय पुढचा हप्ता हलत नाही. दरपत्रकं, लेखापरीक्षण, पत्रव्यवहार यासाठी एक माणूस बांधलेला हवा. दुसरा मार्ग म्हणजे संग्रहच सरकारच्या हवाली करणं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचं आज शासकीय संग्रहालय आहे, नाव त्यांचंच. संग्रह टिकण्याच्या दृष्टीने यात गैर काही नाही. मात्र पुढे कपाट कुठे ठेवायचं हेही तुम्ही ठरवणार नाही, याची तयारी ठेवा.

आता गावकरी. ६० घरांनी महिना २०० रुपये दिले तर १२,००० होतात. यात वीजबिल भागतं, अर्धवेळ माणूस ठेवता येतो, वर थोडे उरतातही. पतसंस्था आणि दूध संघ यांच्याकडे एकरकमी मागण्यापेक्षा वर्षाचं एक बिल त्यांच्या अंगावर घाला. ‘वीज अमुक पतसंस्थेकडून’ ही पाटी दारावर लागली की बिल थकवायची त्यांनाच लाज वाटते. संगमरवरी कोनशिलेचा मोह टाळा. आमच्याकडे नावांच्या क्रमावरून एक मोठा देणगीदार असा रुसला की पुन्हा फिरकला नाही. तेव्हापासून आम्ही दरवर्षी पुसून नव्याने लिहायचा लाकडी फळा लावला.

करसवलतीचं आमिष छोट्या देणगीदाराला दाखवू नका. ८०जी असली तरी ती जुनी करप्रणाली घेणाऱ्यालाच, बहुतेक वेळा निम्म्या रकमेवर, आणि रोख २,००० रुपयांच्या पुढे दिले तर नाहीच. वस्तू दिल्याबद्दलही ती मिळत नाही. गावात माणूस पावती मागतो ती हिशेबासाठी. तेवढी मात्र जागच्या जागी फाडून द्या.

परदेशातल्या गावकऱ्यांकडून पैसे घेताना पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय नागरिकाने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी चालते. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला तुमचा वर्गमित्र मात्र कायद्याच्या लेखी विदेशी आहे. एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नसताना त्याचा एक डॉलरही घेऊ नका.

सगळ्यात जपून वागायचं ते वस्तू देणाऱ्यांशी. त्यांच्याशिवाय संग्रहालयच नाही आणि सर्वाधिक मनस्तापही तेच देतात. आमच्याकडे एका जुन्या वाड्यातले काका लाल रुमालात बांधलेलं मोडी दप्तर आणि पितळी कलमदान घेऊन आले. रुमालाची गाठ इतकी जुनी होती की सोडताना कापडाचा भुगा हाताला लागला. आम्ही हरखलो, शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढला. कागद काही केला नाही. चार वर्षांनी पुतण्या आला: ‘वाडा सामाईक आहे, काकांना द्यायचा अधिकार काय?’ आमच्याकडे उत्तर नव्हतं. दप्तर आणि कलमदान दोन्ही परत गेलं, आणि दप्तराचं एक पानही आम्ही स्कॅन केलेलं नव्हतं. ते आजही बोचतं.

म्हणून वस्तू दारात आली की आधी दानपत्र, सगळ्या वारसांच्या सह्यांचं. सह्या जमत नसतील तर ‘सांभाळायला दिलेली’ म्हणून मुदत घालून वेगळ्या वहीत नोंद. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते, हस्तलिखिताला ७५ वर्षं पुरतात, आणि मूर्ती किंवा जुनी चित्रं असतील तर नोंदणी आहे का ते पाहावं लागतं. शेतात नांगराला लागलेली नाणी कुणी आणली तर ती घेऊच नका, जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला लावा. तुमच्या गावातले एक आजोबा तलवार द्यायला तयार आहेत, पण ‘दाराजवळच ठेवायची’ अशी त्यांची अट आहे म्हणे. अट लेखी झाली तर ती कायमची गळ्यात पडेल. त्यापेक्षा तलवार त्यांच्या घरीच राहू दे, तुम्ही फोटो लावा.

तेव्हा माझा क्रम असा: पहिली तीन वर्षं गावाच्या वर्गणीवर, तोवर नोंदवही आणि लेखापरीक्षण चोख, मग एकाच ठरलेल्या कामासाठी कंपनी. सरकारी अनुदान त्यानंतर, तेही कागद सांभाळणारा माणूस असेल तर.

समितीतल्या एकाने विचारलं, पहिली पावती कुणाच्या नावाने फाडायची? मी म्हटलं, तुम्हा सातही विश्वस्तांच्या. सात जणांचे वर्षाचे २,४०० प्रमाणे १६,८०० होतात. ते ऐकून दोघे जण चहा घ्यायला बाहेर गेले.