सहा संस्था, सहा देणग्या: एका ठाणेकर देणगीदाराचा अभिप्राय

आईच्या वर्षश्राद्धाला मोठे जेवण घालण्याऐवजी त्यासाठी बाजूला ठेवलेले ३०,००० रुपये सहा संस्थांना प्रत्येकी ५,००० याप्रमाणे द्यावेत, असे आम्ही भावंडांनी ठरवले आणि बँकेतून निवृत्त झालेला म्हणून सगळा व्यवहार माझ्याकडे आला. संस्थांच्या कार्याला गुण देण्याची माझी पात्रता नाही. परंतु देणगी स्वीकारणे हीदेखील एक सेवाच आहे आणि २०२४-२५ या आर्थिक वर्षात ती मला कशी मिळाली, एवढेच येथे नोंदवतो.

नावे आईच्याच कपाटातून निघाली. गणेशोत्सवात ‘लोकसत्ता’ ज्या संस्थांची ओळख करून देतो, त्यांची कात्रणे ती वर्षानुवर्षे जपत असे. त्यांत आनंदवनही होते आणि हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्पही. मी दोन धनादेश लिहायला बसलो, तेव्हा लक्षात आले की दोन्हींची मातृसंस्था एकच, बाबा आमटे यांनी स्थापन केलेली वरोऱ्याची महारोगी सेवा समिती. धनादेश न्यासाच्या नोंदणीकृत नावानेच काढावा लागतो, प्रकल्पाच्या प्रचलित नावाने नव्हे, आणि रक्कम कोणत्या प्रकल्पासाठी आहे हे सोबतच्या पत्रात लिहावे लागते. चाळीस वर्षे इतरांचे धनादेश तपासणाऱ्या माणसाला हे स्वतःचा धनादेश लिहिताना कळावे, याचे घरात बरेच हसे झाले.

सर्वांत सरळ अनुभव घराजवळचा. १८९३ पासून चालू असलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची आई जुनी सभासद होती. तेथे देणगी दिली आणि पावती हातात घेऊन दहा मिनिटांत बाहेर पडलो.

तक्रारीच्या जागा दोन. एका संस्थेला देणगी देण्यासाठी मी ऑनलाइन मंचाचा आधार घेतला. शेवटच्या पानावर ५,००० ऐवजी ५,५०० रुपये दिसले, कारण मंचासाठीचे ‘ऐच्छिक’ योगदान आधीच निवडून ठेवलेले होते आणि ते शून्यावर आणण्याची सोय बारीक अक्षरांत दडवलेली होती. जे ऐच्छिक आहे ते देणाऱ्याने निवडावे, काढून टाकण्याचे काम त्याच्यावर सोपवू नये. त्यानंतर आठवड्यातून दोनदा येणारे दूरध्वनी वेगळेच.

दुसरी तक्रार कागदपत्रांची. देणगीमुळे आयकरात मिळणाऱ्या, कलम ८०जीखालील वजावटीसाठी २०२४-२५ मध्ये नुसती पावती पुरत नव्हती. संस्थेने वर्षभरातील देणग्यांचे विवरण फॉर्म १०बीडीमध्ये ३१ मेपर्यंत आयकर विभागाकडे भरायचे होते आणि त्यातून निघणारे १०बीई हे प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचे होते. एका संस्थेने माझ्या पॅनमधले एक अक्षर चुकवले, त्यामुळे माझी देणगी भलत्याच क्रमांकावर चढली. विवरण सुधारून भरता येते हे मी तीन पत्रांतून कळवले, पण उत्तर एकाचेही आले नाही. यूपीआयने पैसे पाठवणाऱ्यांनी तर अधिकच जपावे, कारण त्या व्यवहारातून संस्थेला पॅन आणि पत्ता कळत नाही. तो वेगळ्या ईमेलने पाठवावा लागतो.

अर्थात या वजावटीचे स्तोम माजवण्यात अर्थ नाही. नव्या करप्रणालीत ती मिळतच नाही आणि २,००० रुपयांवरील रोख देणगीला जुन्या प्रणालीतही मिळत नाही. अशा बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीची निम्मीच रक्कम वजावटीस पात्र ठरते. म्हणजे २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे ५,००० रुपयांमागे उपकरासह ५२० रुपये वाचतात. तेवढ्यासाठी मी तीन पत्रे लिहिली, कारण प्रश्न पैशांचा नव्हता. ज्यांना माझे नाव नीट उतरवता येत नाही, ते बाकीच्या नोंदी कशा ठेवत असतील, हा होता.

सहावी संस्था शहापूर तालुक्यातील आदिवासी मुलींचे एक छोटे वसतिगृह. ‘रक्कम शैक्षणिक साहित्यासाठीच वापरावी’ असे मी पत्रात लिहिले होते. तेथील व्यवस्थापक ताईंनी दूरध्वनी करून नम्रपणे विचारले, “दादा, ती अट काढता येईल का? वह्या खूप येतात. कपाटही कोणी देतं, त्यावर नाव रंगवता येतं. विजेच्या बिलावर कोणाचं नाव रंगवणार?” मी अट काढून दुसरे पत्र पाठवले. संपूर्ण वर्षात संस्थेला काय हवे आहे हे मला कोणी सांगितले असेल, तर ते या एका दूरध्वनीतच.

सहा ठिकाणी विभागणी करण्याचा आमचा निर्णय चुकला, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. सहा पावत्या, सहा प्रमाणपत्रे आणि सहा ठिकाणचा पाठपुरावा यांत देणाराही दमतो आणि घेणाऱ्याच्या एकुलत्या लेखनिकाचाही वेळ जातो. पुढच्या वर्षी दोनच संस्था, प्रत्येकी १५,००० रुपये आणि तेही विनाअट.

त्यांतली एक ठरली आहे. जूनमध्ये शहापूरहून आलेल्या पाकिटात १०बीईसोबत वीजबिलाची झेरॉक्स होती. बिल ४,८८० रुपयांचे होते आणि उरलेल्या १२० रुपयांचा हिशेब मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेला होता: फिनेल, दोन बाटल्या.