कियांती की बारोलो? इटलीत वाइनसाठी वाट वाकडी करण्याआधी

रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस असा दौरा ठरलेला असेल आणि त्यातून वाइनसाठी एकच दिवस निघत असेल, तर टस्कनीतल्या कियांतीला जा. वाइन आणि जेवण यासाठीच इटली गाठायची असेल आणि हाताशी निदान तीन रात्री असतील, तर पिएमोंतेतले बारोलो निवडा. कोणती वाइन श्रेष्ठ या वादात न शिरता दिवस किती आहेत आणि सोबत कोण आहे हे आधी मोजा. कियांती अर्ध्या दिवसातही बरेच काही देते. बारोलोला घाईने गेलात, तर तोंडात तुरटपणा आणि डोक्यात गावांच्या नावांचा गोंधळ एवढेच घेऊन परताल.

एक खुलासा आधीच केलेला बरा. उच्चार ‘चियांती’ नाही, ‘कियांती’. आणि कियांती व कियांती क्लासिको या दोन वेगळ्या वाइन आहेत. साधी कियांती टस्कनीच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात बनते. क्लासिको मात्र फ्लोरेन्स आणि सिएना यांच्या मधल्या टेकड्यांवरची. ग्रेव्हे, पांझानो, कास्तेल्लिना, राद्दा, गायोले ही तिची गावे. या पट्ट्याची हद्द १७१६ साली टस्कनीचा शासक तिसरा कोसिमो मेदिची याने फर्मान काढून आखली. बाटलीच्या गळ्यावर काळा कोंबडा असेल तर ती क्लासिको. टूरवाला नुसते ‘कियांती टूर’ म्हणत असेल, तर कोणत्या गावातल्या वाइनरीत नेणार हे विचारून घ्या.

बारोलो हे पिएमोंते प्रांतातल्या लांगे टेकड्यांमधले गाव आणि तिथल्या वाइनचेही नाव. ती बनवायला परवानगी असलेली गावे अवघी अकरा आहेत. त्यातली ला मोर्रा, बारोलो, कास्तिल्योने फाल्लेत्तो, सेर्रालुंगा आणि मोनफोर्ते ही पाच महत्त्वाची. मुक्कामाला शहर आल्बा. २०१४ पासून हा सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

फ्लोरेन्सहून ग्रेव्हेला साधी बस जाते, तासाभरात पोचते. दुपारी फ्लोरेन्सहून निघून दोन वाइनरी दाखवून संध्याकाळी परत आणणाऱ्या छोट्या व्हॅनच्या सहलीही सहज मिळतात. कियांतीच्या या गावांना रेल्वे नाही, हे मात्र लक्षात ठेवा. आल्बाला तोरिनोहून (म्हणजे ट्यूरिनहून) रेल्वेने जाता येते आणि मोटारीने साधारण तास लागतो. मिलानहून दोन तास धरा. खरी अडचण आल्बाला पोचल्यावर सुरू होते. आल्बा ते बारोलो बस तुरळक, टॅक्सी मोजक्या आणि रविवारी तर फारच कमी. गाडी नसेल तर चालक असलेली गाडी दिवसभरासाठी आधीच ठरवावी लागते. तो खर्च चौघांत वाटला तर परवडतो, जोडप्याला जड जातो.

स्वतः गाडी चालवणाऱ्यांसाठी थोडा हिशेब. एका टेस्टिंगला चार-पाच वाइन, प्रत्येकी सुमारे ५० मिली, म्हणजे २०० ते २५० मिली. दिवसात दोन वाइनरी केल्या की अर्धा लिटर वाइन, तीही १४ टक्क्यांच्या आसपासची. इटलीत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे, आणि परवाना मिळून तीन वर्षे झाली नसतील तर शून्य. म्हणून चालकाने थुंकायचे. प्रत्येक टेबलावर त्यासाठी भांडे असते, त्यात वाइन टाकण्याला कोणीही उद्धटपणा समजत नाही. व्यवसायातले लोक तेच करतात. भारतीय परवान्यासोबत आरटीओकडून घेतलेला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. फ्लोरेन्स आणि सिएनाच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे. तिथे पोलीस अडवत नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड काही महिन्यांनी भाड्याच्या कंपनीमार्फत घरी येतो. गाडी वेशीबाहेरच लावा.

आता पेल्यातले बोलू. कियांती क्लासिकोत किमान ८० टक्के सांज्योवेझे द्राक्ष असते. चेरीचा वास, चटकन जाणवणारा आंबटपणा, बेताचा तुरटपणा. जेवणासोबत पहिल्या घोटापासून आवडते. साधी बाटली वर्षभर मुरवून बाजारात येते, त्यावरच्या दर्जाची रिझेर्व्हा दोन वर्षांनी, सर्वांत वरची ग्रान सेलेझियोने अडीच वर्षांनी. बारोलो शंभर टक्के नेब्बियोलो द्राक्षाची. रंग इतका फिका की हलकी वाइन असावी असे वाटते, आणि तिथेच नवखा फसतो. टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारा घटक, इतके की हिरड्या आवळल्यासारख्या होतात. म्हणूनच कायद्याने तिला ३८ महिने मुरवावे लागते, त्यातले १८ लाकडी पिंपात. रिझेर्व्हाला ६२ महिने. २०२१ च्या द्राक्षांची बारोलो २०२५ मध्ये विक्रीला आली ती यामुळे. रिकाम्या पोटी, सकाळी दहाला, थेट तरुण बारोलो चाखू नका. आधी तिथल्याच हलक्या वाइन, म्हणजे दोल्चेत्तो, मग बार्बेरा, मग लांगे नेब्बियोलो आणि शेवटी बारोलो असा क्रम मागा, मध्ये ग्रिस्सिनी या कुरकुरीत पावाच्या काड्या चघळत राहा. घरच्या मंडळींपैकी कोणाला वाइन रुचतच नसेल, तर त्यांच्यासाठी मोस्कातो द’आस्ती सांगा. गोड, हलके बुडबुडे असलेली आणि जेमतेम पाच टक्क्यांची.

बारोलोत दोनच वाइनरी पाहणार असाल, तर त्या दोन बाजूंच्या निवडा. ला मोर्रा आणि बारोलो गावाकडची माती निळसर मार्ल, म्हणजे चुनखडीयुक्त चिकणमाती, तिथली वाइन सुगंधी आणि जरा मऊ. सेर्रालुंगा आणि मोनफोर्तेकडे वालुकाश्म जास्त, तिथली वाइन कठोर, जास्त वर्षे टिकणारी. एकाच द्राक्षातला हा फरक दोन पेले शेजारी ठेवून जेवढा कळतो तेवढा वाचून कळत नाही. वेळ आणखी असेल तर शेजारची बार्बारेस्को. तिथेही नेब्बियोलोच, पण २६ महिने मुरवलेली.

नाशिकच्या मोठ्या वाइनरीत तिकीट काढून आत जाता येते. ती सवय इथे, विशेषतः लांगेत, उपयोगाची नाही. बहुतेक जागी घरचीच माणसे मळा, तळघर आणि पाहुणे सांभाळतात. दोन-तीन आठवडे आधी ईमेल करा. तारीख, वेळ, माणसे किती, इंग्रजीत माहिती हवी, एवढे पुरे. एका भेटीला दीड तास धरा. सकाळी दहा आणि दुपारी तीन, दिवसाला दोनच. तिसरी ठेवली की जेवण बुडते, आणि चौथ्या-पाचव्या वाइननंतर जीभ तसेही फारसे सांगत नाही. टेस्टिंगचा दर दोन्हीकडे साधारण २५ ते ४० युरो. काही छोट्या ठिकाणी बाटल्या घेतल्यास तो माफ होतो. जमणार नसेल तर कळवा, कारण तुमच्यासाठी कोणीतरी ट्रॅक्टरवरून उतरून आलेले असते. कियांतीत याबाबत सवलत आहे. बार्जिनो इथले आंतिनोरींचे २०१२ चे प्रचंड आवार किंवा ब्रोलियोचा किल्ला अशा मोठ्या ठिकाणी रोज पाहुणे असतात, बागेत मुले फिरू शकतात. बारोलोत भेटीची वेळ मिळालीच नाही, तर गावच्या किल्ल्यातल्या प्रादेशिक एनोतेकात, म्हणजे वाइनच्या दुकानात, अनेक उत्पादकांच्या वाइन पेल्याने चाखता येतात.

जेवणात दोन्ही प्रदेश तुल्यबळ, पण तुमच्या ताटाचे नियम काय यावर निवड पालटू शकते. गोमांस खाणाऱ्याला टस्कनीत फ्लोरेन्सची बिस्तेक्का, म्हणजे गोमांसाचा स्टेक: किलोच्या हिशेबाने, बहुधा एक किलोच्या वरच, बाहेरून करपलेली आणि आतून लाल. ‘पूर्ण शिजवून द्या’ म्हटले तर बरेच जण नकार देतात. पिएमोंतेत कच्च्या मांसाची कार्ने क्रूदा आणि बारोलो वाइनमध्ये शिजवलेले गोमांस, म्हणजे ब्रासातो.

शाकाहारी माणसाला टस्कनी सोपी. पीची हा जाडसर पास्ता पीठ-पाण्याचा, बहुधा अंड्याविना. आल्योने म्हणजे लसूण-टोमॅटोच्या रश्शासोबत मागा. पाप्पा अल पोमोदोरो (पाव-टोमॅटोचे दाट सूप), पान्झानेल्ला (पावाची कोशिंबीर), पिएन्झाचे पेकोरिनो चीज आणि पांढऱ्या घेवड्याच्या बिया यांवर दोन दिवस आनंदाने निघतात. तिथला पाव अळणी असतो, तो बिघडलेला नव्हे. रिबोल्लिता हे सूप भाज्यांचेच, तरी रस्सा मांसाचा नाही ना, हे विचारा. पिएमोंतेत पावलोपावली सापळे आहेत. ताय्यारिन हा केसासारखा पास्ता किलोभर पिठात वीस-तीस बलक घालून करतात. आन्योलोत्ती देल प्लीन हा सारण भरलेला पास्ता ‘लोणी आणि सेज या पानांसह’ असे मेनूवर दिसले की शाकाहारी वाटते. लोणी-सेज फक्त वरचे, आतले सारण मांसाचे. बान्या काउदात भाज्या बुडवून खातात, पण त्या रश्शात अँचोव्ही मासे असतात. नुसते ‘सेंझा कार्ने’ (मांसाविना) म्हणून भागत नाही. ‘ने कार्ने, ने पेशे, ने ब्रोदो दी कार्ने’ (मांस नको, मासा नको, मांसाचा रस्सा नको) असे तिन्ही सांगा. अंडे चालत असेल, तर मात्र लोणी घातलेला ताय्यारिन आणि वर किसलेला पांढरा ट्रफल (जमिनीखाली वाढणारी सुगंधी बुरशी), या ताटलीसाठी आम्ही टस्कनी सोडून लांगेला जाऊ.

पांढरा ट्रफल म्हणजे शरद ऋतू. आल्बाची जत्रा ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालते. तो टेबलावर वजन करून किसतात, किसण्याआधी आणि नंतर तोलतात. ग्रॅमचा भाव आधीच विचारा आणि ‘पुरे’ केव्हा म्हणायचे ते ठरवून बसा. एका ताटलीला सात-आठ ग्रॅम भरपूर होतात. उन्हाळ्यात मिळतो तो काळा, स्वस्त आणि बेताच्या वासाचा. ट्रफलच्या तेलात बहुधा कृत्रिम वास असतो, त्यासाठी पैसे घालवू नका.

त्याच दिवसांत आल्बातल्या खोल्या महाग होतात आणि महिनोन्महिने आधी भरतात. नेब्बियोलोचा खुडा साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, सांज्योवेझेचा सप्टेंबरच्या मध्यापासून. आपल्याकडे नाशिकला जानेवारी ते मार्चमध्ये जी धावपळ दिसते, ती इथे या दिवसांत असते. पाहायला सुंदर, पण छोट्या वाइनरीत बोलायला कोणाला सवड नसते. ट्रफल नको असेल, तर मे किंवा जून दोन्हीकडे उत्तम. १५ ऑगस्टच्या आसपास कुठेच जाऊ नका. निम्मी दारे बंद असतात. पायी फिरायचे असेल तर ला मोर्राहून बारोलोकडे उतरत जा, उलट दिशेला दमछाक होते. वाटेत द्राक्षांच्या रांगांमध्ये सोल लेविट आणि डेव्हिड ट्रेमलेट या कलावंतांनी १९९९ मध्ये रंगवलेले छोटे चॅपल लागते.

दोन्हींच्या मधली वाट हवी असेल तर मोंताल्चिनो. तिथली वाइन ब्रुनेल्लो, शंभर टक्के सांज्योवेझेची, तुरटपणा आणि मुरण्यात बारोलोच्या जवळ, आणि सिएनाहून बसने सव्वा तासावर. एका रात्रीत जमते.

बाटल्या आणताना: भारतात माणशी दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येते. ७५० मिलीच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, तिसरी हद्द ओलांडते. दोन पूर्ण आणि एक ३७५ मिलीची अर्धी बसते. हातातल्या बॅगेत चालत नाहीत, चेक-इन सामानात कपड्यांच्या मधोमध ठेवा. कियांती क्लासिको साधारण १५ ते २५ युरोला मिळते, बारोलो बहुधा ४० च्या पुढे. दोनच बाटल्या आणायच्या असतील, तर एक बारोलो आणि एक लांगे नेब्बियोलो घ्या. दुसरी या वर्षी उघडा, पहिली थंड अंधाऱ्या जागी आडवी ठेवा. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात फ्रिजबाहेर तशी जागा नसेल, तर तीही लवकर संपवा.