व्हॅक्यूम लीक टेस्टर: पॅकिंग विभागातील अनुभव

अंधेरी एमआयडीसीतील आमच्या पॅकिंग विभागासाठी प्रिन्सेस स्ट्रीटवरील एका विक्रेत्याकडून घेतलेला, गोळ्यांच्या स्ट्रिपमधील गळती तपासणारा हा लीक टेस्टर संपूर्ण पावसाळाभर रोजच्या वापरात होता. पारदर्शक ॲक्रिलिकचा डेसिकेटर (झाकणाचे हवाबंद भांडे), व्हॅक्यूम पंप आणि निर्वाताची पातळी व ती टिकवण्याचा वेळ ठरवून देणारा डिजिटल कंट्रोलर, एवढीच त्याची रचना आहे.

स्ट्रिप मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाच्या द्रावणात बुडवून व्हॅक्यूम ओढला की गळक्या पॉकेटमधून बुडबुडे निघतात. पण खरा निकाल लागतो तो व्हॅक्यूम सोडल्यावर, कारण हवा निघून गेलेल्या पॉकेटमध्ये त्याच वाटेने निळे द्रावण शिरते. त्यानंतर स्ट्रिप धुऊन पूर्ण कोरडी पुसल्याशिवाय फॉइल फोडू नये; अन्यथा बाहेरचा थेंब गोळीला लागतो आणि चांगली बॅच विनाकारण अडकते. डेसिकेटर पारदर्शक असल्याने बुडबुडे नेमके कोठून येतात हे स्पष्ट दिसते आणि मला हाच या उपकरणाचा सर्वात मोठा गुण वाटतो. एका बॅचमध्ये केवळ कडेच्या रांगेतील पांढऱ्या गोळ्यांना निळी कड आली होती आणि त्या बाजूची नर्लिंगची (सील करताना रोलर फॉइलवर उमटवतो ती) नक्षीही फिकट उमटली होती. त्यामुळे फॉइलला दोष न देता आम्ही थेट सीलिंग रोलर तपासला. त्याचा दाब एका बाजूला कमी पडत होता.

झाकणाचे रबरी गॅस्केट मात्र निकृष्ट आहे. ते लवकर कडक झाले, निर्वात टिकेनासा झाला आणि तरीही कंट्रोलरने कोणताही इशारा दिला नाही. चाचणी अपुऱ्या निर्वातात झाली तर गळकी स्ट्रिपही उत्तीर्ण होते, ही गोष्ट औषधाच्या बाबतीत क्षम्य नाही. बदली गॅस्केटसाठी विक्रेत्याकडे अनेकदा पाठपुरावा करावा लागला. निर्वात मोजणाऱ्या गेजसोबतचे प्रमाणपत्रही पुरेसे नव्हते, म्हणून एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमापाच्या अचूकतेची तपासणी, करून घ्यावे लागले.

रंगद्रावणाच्या पद्धतीला स्वतःच्या मर्यादाही आहेत. तपासलेली स्ट्रिप वाया जाते, अतिसूक्ष्म छिद्रातून रंग शिरेलच असे नसते आणि निकाल पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून राहतो. यूएसपी या अमेरिकी औषध-मानकग्रंथाच्या १२०७ क्रमांकाच्या प्रकरणातही ही पद्धत संभाव्यतेवर आधारित मानली आहे, तर दाबातील बदल थेट मोजणारी व्हॅक्यूम डिके पद्धत निश्चित स्वरूपाची मानली आहे. क्लॅव्ह्युलॅनेटसारखा ओलाव्याने लवकर खराब होणारा घटक अल्यू-अल्यू (दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या) पॅकमध्ये भरणाऱ्यांनी, विशेषतः मुंबईच्या दमट हवेत, केवळ या उपकरणावर विसंबू नये.

साध्या पीव्हीसी (प्लास्टिक) ब्लिस्टरच्या इन-प्रोसेस, म्हणजे उत्पादन चालू असतानाच्या, तपासणीसाठी मी हे उपकरण पुन्हा घेईन; मात्र जादा गॅस्केट त्याच बिलात लिहून घेईन आणि दर पाळीच्या सुरुवातीला टाचणीने मुद्दाम भोक पाडलेली एक स्ट्रिप त्यात तपासल्याशिवाय कोणत्याही बॅचचा निकाल नोंदवू देणार नाही.